एक तास पन्नास मिनिटं

फायदा म्हणाल तर गौतमीला या सगळ्यात एक तास पन्नास मिनिटांचा होणार होता. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. सोनं नाही, जागा नाही, भावाच्या घरातला एखादा तांब्यासुद्धा नाही. माणसं याहून मोठ्या लाभासाठी लबाडी करतात आणि आपण पकडले जाऊ म्हणून घाबरतात. गौतमीला पकडलं जायचंच होतं. कधी, एवढंच तिने ठरवलं होतं: फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं, जयपूरच्या प्रताप नगरातल्या सामुदायिक केंद्राच्या फाटकापाशी.

आता ही एक तास पन्नास मिनिटं तिची कोणाकडे अडकली होती, ते आधी सांगायला हवं.

गौतमी मूळची पुण्याची. लग्न झालं रेल्वेतल्या उत्तमशी आणि त्याच्या बदल्यांबरोबर फिरत फिरत ती जयपूरला येऊन थांबली. उत्तम स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाला, दोघांनी प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं दोन खोल्यांचं घर घेतलं. रेल्वेतल्या माणसांची एक खोड असते, ती निवृत्तीनंतरही जात नाही. त्यांना अंतर विचारलं की ती तास सांगतात. पुणं किती लांब? बावीस तास. भुसावळ? सतरा. हातात पास असतो, डबा भरलेला असतो, आणि जगात कुठेही जायचं म्हणजे रुळावरून जायचं हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. गौतमीच्या गच्चीवरून विमानतळ दिसत नसे, पण विमानं इतकी खालून जात की वाळत घातलेल्या कुरडयांवर सावली पडायची. इतक्या वर्षांत ती विमानं कुठे जातात हे विचारावंसं तिला वाटलं नव्हतं. ती तिच्या डोक्यावरून जात होती, तिच्यासाठी जात नव्हती.

तिचा थोरला भाऊ मंगेश मात्र विमानांवरच जगत होता. पुण्यात त्याची ट्रॅव्हल एजन्सी होती. कुठल्या विमानतळापासून कुठला विमानतळ हवेतून किती किलोमीटर आणि किती वेळाचा, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ. गिऱ्हाइकाने गावाचं नाव घ्यायच्या आत तो मिनिटं सांगायचा. आणि वर हेही सांगायचा की छापलेली वेळ नेहमी फुगवलेली असते. त्यात जमिनीवरचं रांगणंही धरलेलं असतं, त्यामुळे विमान बहुतेक वेळा आधीच पोचतं आणि लोक कंपनीला दुवा देतात.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी या मंगेशचा फोन आला.

"गौते, आई गेली," तो म्हणाला. "तू आत्ता निघालीस तरी उद्या दुपारशिवाय पोचत नाहीस. मे महिना आहे, ठेवता येणार नाही."

तीन वाक्यं. गौतमीला तिन्ही पटली. बावीस तास म्हणजे उद्या दुपारच. तिने उलट विचारलं नाही, उत्तमने पास काढला, तिने पिशवी भरली. ती भरत असताना घरावरून एक विमान गेलं, हे तिला पुढे फार आठवायचं. दुसऱ्या दिवशी ती पुण्यात पोचली तेव्हा फरशी पुसून वाळली होती, आईच्या फोटोला गुलाबाचा हार होता, आणि मंगेश येणाऱ्याजाणाऱ्याला चहा विचारत होता.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि आईचं करणारी गंगूबाई गौतमीला हात धरून गच्चीवर घेऊन गेली. तिथे पत्र्याची एक खोली होती. खालची खोली एजन्सीच्या ऑफिसला लागत होती म्हणून शेवटचं वर्षभर आई त्या पत्र्याखाली होती. गंगूबाई सकाळ-संध्याकाळ यायची, मधल्या वेळात कोणी नाही. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाण्याचा तांब्या धरवत नसे.

"पडून पडून पाठीला नुसत्या जखमा, हात लावायला जागा नव्हती बाई," गंगूबाई म्हणाली. "मीच अंघोळ घातली शेवटची. साहेब दारातून म्हणत होते, गौतमीबाई यायच्या आत आटपा."

गौतमीला तेव्हा एवढंच कळलं की आपल्या आईचे हाल झाले. आपण यायच्या आत आटपायची घाई कशाला, हे कळलं नाही. ती तर उद्याच येणार होती. भाऊ मेलेल्या आईला कोणापासून लपवत होता? अर्धा राग घेऊन ती जयपूरला परतली. उरलेला अर्धा दोन वर्षांनी भाकरीतून आला.

मंगेशचा एकुलता एक मुलगा संकल्प. त्याची आई तो शाळेत असतानाच वारली होती. इंजिनियर झाला, जयपूरला नोकरी लागली, आणि जगतपुऱ्यात फ्लॅट मिळेपर्यंत तो आत्याकडे उतरला. दारात बॅग ठेवली, पाया पडला, आणि गंगूबाईने दिलेला डबा काढून आत्याच्या हातात दिला. ज्वारीची भाकरी आणि मेथी. गौतमीने भाकरी मोडायला घेतली आणि तिचा हात थांबला. भाकरी मऊ होती.

बावीस तासांच्या प्रवासात भाकरीचं काय होतं हे रेल्वेच्या बायकांना सांगायला नको. ती ताटलीसारखी वाजते.

"कधीची रे ही?"

"सकाळची. गंगूमावशीने निघताना दिली."

मग संकल्पने हौसेने मोबाइल काढला. बापाच्या एजन्सीत सुट्टीत बसलेला पोरगा, त्याला हे सांगायला आवडायचं. जयपूर ते पुणे हवेतून नऊशे सदतीस किलोमीटर. रेल्वेने तेराशेवर जातं, कारण रूळ वळतात, आकाशात वळणं नसतात. वेळ एक तास पन्नास मिनिटं, त्यातला निव्वळ उडण्याचा दीड तासाच्या आतच. आणि ही फ्लाइट आजची नाही, म्हणाला, कॉलेजात असल्यापासून आहे. तेव्हा इथून नऊ चाळीसला सुटायची आणि साडेअकराला पुण्यात. बाबा त्यांच्या जयपूरच्या खड्यांच्या व्यापाऱ्यांना आठवड्याला दोन-तीनदा त्याच विमानात बसवायचे.

गौतमीने भाकरी वाढली, मेथी वाढली, आणखी घे म्हणाली. मग भांडी घासताना तिने हिशेब मांडला. फोन सात दहाला. घरापासून विमानतळ दहा मिनिटं. नऊ चाळीसला विमान, साडेअकराला पुणं, सव्वाबारा-बारा वीसपर्यंत आईच्या उशाशी. आणि मंगेशने आईला घरातून हलवलं ते साडेदहाला. म्हणजे त्याला थांबायचं होतं फक्त एक तास पन्नास मिनिटं. बरोबर तेवढी, जेवढी विमानाला लागतात. देशभरातल्या विमानांच्या वेळा पाठ असलेल्या माणसाने बहिणीला रेल्वेचे तास मोजून दाखवले होते, कारण ती दुसरे कुठले मोजणार नाही हे त्याला माहीत होतं. तिने आईची पाठ पाहिली नाही पाहिजे, एवढ्याचसाठी.

उत्तमला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, सरळ विचार त्याला.

"विचारून काय मिळेल? उत्तर," गौतमी म्हणाली. आणि विषय मिटवला.

मिटवला म्हणजे झाकून ठेवला. चार वर्षं तिने भावाशी दिवाळीला, वाढदिवसाला गोड बोलणं ठेवलं. या चार वर्षांत संकल्प दर रविवारी आत्याकडे जेवायला यायचा, तिने थापलेल्या भाकऱ्या गरम गरम खायचा, आणि जाताना डबा न्यायचा. गौतमीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे या व्यवहारात ती नफ्यात होती, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मग संकल्पने मीनाक्षी पसंत केली. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, निवृत्त गार्डाची मुलगी, आपल्यातलीच. मराठी बोलताना मधेच 'मतलब' म्हणायची आणि गौतमीला 'आत्याजी' म्हणायची, पण मुलगी सोन्यासारखी. मंगेशने पुण्यात एका बिल्डरची मुलगी हेरून ठेवली होती. त्याने फोनवर मुलाला ऐकवलं की रेल्वेच्या क्वार्टरातली सून माझ्या घरात येणार नाही आणि तुझ्या लग्नात मी पाऊल टाकणार नाही. संकल्पही त्याचाच मुलगा. तो म्हणाला, तुम्हाला बोलावलंय कोणी? त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद. पुण्याकडचं एकही माणूस संकल्पने बोलावलं नाही, बोलावलं की बापाला खबर जाणार. लग्नाचं सगळं आत्यावर सोपवलं: हॉल, जेवण, फुलं, वेळ.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. बौद्ध लग्नात मुहूर्त नसतो. पंचांग नाही, घटिका नाही, अक्षता घेऊन घड्याळाकडे बघत बसलेला भटजी नाही. माणसं जमली, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातला, मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतली की लग्न लागलं. ते अकराला लागतं, दोनला लागतं, पाचला लागतं. कोणासाठी थांबायचं असेल तर थांबता येतं आणि कोणाला टाळायचं असेल तर तेही जमतं. सगळी सत्ता वेळ ठरवणाऱ्याच्या हातात.

लग्नाला महिना राहिला असताना मंगेशचा गौतमीला फोन आला. आवाज नेहमीसारखा भरलेला नव्हता. म्हणाला, पोराचं लग्न आहे, झोप लागत नाही. बिल्डरने मुलगी दुसरीकडे दिली, हे त्याने सांगितलं नाही, पण ते गौतमीला गंगूबाईकडून आधीच कळलं होतं. इकडचं तिकडचं करत तो मुद्द्यावर आला: येतो. पण संकल्पला सांगायचं नाही.

"आधी कळलं तर म्हणेल, बापाने नाक घासलं. मी एकदम मांडवात येऊन उभा राहतो. बघू मग कसा रागावतो ते."

नाटकाची हौस त्याला लहानपणापासून होती. गौतमीने शांतपणे विचारलं, विमानं कधीची आहेत? मंगेशचा आवाज लगेच भरला. दोन आहेत म्हणाला. एक पहाटेचं, आठच्या आत जयपूरला. दुसरं बारा वीसला सुटतं, दोन दहाला पोचतं, पण मी सांगतो, दोनच्या आतच उतरतं. लग्न किती वाजता?

लग्नाची वेळ तोवर ठरलेली नव्हती. ती त्या क्षणी ठरली. दोन दहाला विमान, आधी उतरलं तरी उतरण्या-निघण्यात आणि टॅक्सीत दोन वीस. त्यातून एक तास पन्नास वजा.

"चार वाजता," गौतमी म्हणाली. "दुपारचंच घे दादा. सकाळी येऊन बसलास आणि तुम्हा दोघांची आधी गाठ पडली तर भांडण होईल. हॉल विमानतळापासून दहा मिनिटांवर आहे."

मंगेशला हे फार पसंत पडलं. गौते, तू शहाणी आहेस, असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. फोन ठेवल्यावर तिने संकल्पला निरोप पाठवला की हॉल मिळाला, लग्न साडेबाराला.

पुढचा महिना गौतमी जरा तरुण दिसू लागली होती. उत्तमने तिला गुणगुणताना ऐकलं. तिकिटाचा फोटो मंगेशने पाठवला तेव्हा तिने तो उघडून दोनदा पाहिला आणि उत्तर दिलं, छान. रोज दुपारी दोनच्या सुमारास पुण्याचं विमान घरावरून उतरायचं, ती हातातलं काम टाकून गच्चीवर जायची आणि घड्याळ बघायची. एक छप्पन. दोन शून्य एक. एक एकोणसाठ. मंगेश खोटं बोलत नव्हता, ते आधीच उतरत होतं. तिला वाटायचं, असंच सहा वर्षांपूर्वी इथून एक गेलं, आणि मी पिशवीत टॉवेल घालत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी संकल्प पांढऱ्या सदऱ्यात तयार होऊन आत्याच्या घरी आला. पाया पडला आणि उठलाच नाही, तिथेच जमिनीवर बसून राहिला. मग मोबाइलशी चाळा करत त्याने विचारलं, बाबांचा काही फोन?

गौतमी नाही म्हणाली. पहिलं थेट खोटं. तोवर तिने संकल्पशी खोटं बोलायची वेळ येऊ दिली नव्हती, नुसतं न सांगण्यावर भागवलं होतं.

"मी पण बावळट," संकल्प म्हणाला. "रोज वाटतं येतील. आले असते ना आत्या, तर संध्याकाळपर्यंत थांबलो असतो मी. आपल्यात कुठे मुहूर्त असतो?"

खोलीत उत्तम पण होता. तो पेटीतून मेणबत्त्या काढत होता, त्याचे हात थांबले. गौतमीकडे त्या वेळी एक सोपा मार्ग होता. एक वाक्य बोलायचं: थांब, दोनला येतोय. हॉल तीनपर्यंतचा घेतला होता, आणि उत्तमच्या ओळखीवर तासभर वाढवून मिळाला असता. मंगेश येऊन मांडवात उभा राहिला असता, पोरगा रडला असता, बापाने पाठीवर हात ठेवला असता, सगळ्यांनी फोटो काढले असते. आणि मंगेशचं एक मिनिटही गेलं नसतं. तिला पत्र्याची खोली आठवली. तिथे साडेदहाला कोणाला तरी असंच वाटलं असेल का की थांबूया? वाटलं असलं तरी तोंडातून निघालं नव्हतं.

तिने संकल्पच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, चल, फुलं यायची आहेत.

हॉल भरला. रेल्वे कॉलनीतली जुनी माणसं, संकल्पच्या ऑफिसमधली पोरं, मीनाक्षीकडची मंडळी. पहिल्या रांगेत मीनाक्षीच्या आईवडिलांशेजारी संकल्पने एक खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली होती. कोणी विचारलं तर म्हणायचा, पंखा लागत नाही तिथे. लग्न लावायला मुरलीधर होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, कॉलनीतली सगळी लग्नं त्यांनीच लावलेली. साडेबारा वाजले. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, कोणी यायचं राहिलंय का, थांबायचं का? हे ते प्रत्येक लग्नात विचारतात आणि प्रत्येक लग्नात कोणीतरी हसून म्हणतं, एक मामा गाडी लावतोय, पाच मिनिटं थांबा.

संकल्पने आत्याकडे पाहिलं. नवरदेव म्हणून नाही, त्या रिकाम्या खुर्चीच्या वतीने.

गौतमीच्या हातातला मोबाइल थरथरला. मंगेशचा निरोप होता. गेली दहा मिनिटं विमान पुण्यात जमिनीवरच रांगत होतं, आता सुटतंय. आणि खाली हसरा चेहरा.

"थांबू नका," गौतमी म्हणाली. "कोणाची वाट बघायची नाही."

बुद्धं सरणं गच्छामि सुरू झालं तेव्हा मंगेश जमिनीवरून उचलला गेला असेल. वधूवरांनी हार घातले तेव्हा तो हवेत कुठेतरी कमरेचा पट्टा सोडत असेल, आणि प्रतिज्ञा झाली तेव्हा शेजारच्या प्रवाशाला सांगत असेल की मुलाचं लग्न आहे, चारला. गौतमीने प्रत्येक टप्प्याला मनातल्या मनात किलोमीटर मोजले. मंगलगाथेला ती इतकी रमली की मीनाक्षीच्या आईला वाटलं, आत्याबाई भरून पावल्या. पावल्याही होत्या.

दोनला पाच मिनिटं कमी असताना हॉलवरून विमान गेलं. ताटं वाजत होती, कोणी मान वर केली नाही. उत्तमने केली. तो बायकोजवळ आला, तिच्या हातातला मोबाइल घेतला, निरोप वाचला आणि परत दिला. तो फार कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते रेल्वेच्या भाषेत.

"गाडी तू मुद्दाम स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला उभी केलीस," तो म्हणाला.

गौतमी म्हणाली, "माझी तर त्याने यार्डातूनच निघू दिली नव्हती." आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली.

दोन वीसला टॅक्सी आली. मंगेश उतरला. नवा कोट, केसांना रंग, हातात मिठाईचा मोठा खोका. चार वाजता लागणाऱ्या लग्नाला एक तास चाळीस मिनिटं आधी आल्याचं समाधान त्याच्या चालण्यात होतं. मग त्याने बाहेर येणारी माणसं पाहिली. दात कोरत, विडा चघळत, आहेराच्या पाकिटांची चर्चा करत माणसं बाहेर येत होती. त्याने आत पाहिलं. संकल्पच्या गळ्यातला हार दिसला. हिशेबी माणूस, त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"चार म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"हो," गौतमी म्हणाली. "आणि तू म्हणाला होतास, उद्या दुपारशिवाय पोचत नाहीस."

मंगेशने खोका दुसऱ्या हातात घेतला.

"नऊ चाळीसचं विमान होतं दादा. तुला तर पाठ होतं. साडेदहाला हलवलंस तू तिला. एक तास पन्नास मिनिटं थांबायचं होतं. आज मीही तेवढीच घेतली, बघ घड्याळात. गंगूबाईने पाठीचं सांगितलं मला."

हे बोलताना तिचा आवाज चढला नाही. चार वर्षं घोळवलेलं वाक्य तोंडातून निघालं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला वाटलं. भावाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना ती अशी बघत होती, जशी बाई दूध उतू जायच्या क्षणी गॅस बंद करून बघते: नेमकं, काठापर्यंत.

तेवढ्यात संकल्पने बापाला पाहिलं. तो धावतच आला, हारासकट. दोन पावलांवर थांबला.

"बाबा?"

मंगेशने आधी बहिणीकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय जमाखर्च झाला असेल तो सांगायला ज्योतिषी नको. खरं सांगायचं तर म्हणायचं, तुझ्या आत्याने मला खोटी वेळ दिली. मग पोरगा विचारणार, का? मग आत्या सांगणार. पत्रा, पाठ, साडेदहा. ज्या आजीच्या मांडीवर संकल्प वाढला, ती झोपेत गेली असं तेव्हा हॉस्टेलवर असलेल्या त्याला सांगितलं होतं. आणि ते ऐकायला इथे रेल्वे कॉलनीचा अख्खा हॉल होता.

"विमान लेट झालं रे," मंगेश म्हणाला.

त्याच्याइतकं पाठांतर असलेला माणूस एवढं साधं विसरला. संकल्प त्याच्याच एजन्सीत शिकला होता. त्याने मोबाइल काढला, दोनदा बोट फिरवलं.

"एक अठ्ठावन्नला उतरलंय. बारा मिनिटं आधी," तो म्हणाला. मग स्क्रीनकडे बघतच, हळू: "सकाळचंही होतं बाबा. तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात, ज्याला खरंच पोचायचंय त्याला सकाळचं द्या."

मंगेशने खोका पुढे केला. संकल्पने घेतला, कारण हातात दिलेली वस्तू घ्यायची असं त्याला शिकवलं होतं. "म्हणजे तुम्ही शब्द पाळलात," तो म्हणाला. "लग्नात पाऊल नाही टाकलंत. जेवायला मात्र आलात. जेवून जा."

गौतमी तीन हात अंतरावर उभी होती. एक वाक्य तिच्याकडे होतं, एक मंगेशकडे. दोघांनीही आपापलं वाक्य गिळलं. या एका बाबतीत बहीणभाऊ एका आईची लेकरं शोभली.

मंगेश जेवला नाही. त्याच टॅक्सीने विमानतळावर परत गेला आणि संध्याकाळी मुंबईमार्गे पुण्याला. सामान नव्हतंच. रिकामी खुर्ची शेवटी केटररच्या माणसाने इतर खुर्च्यांबरोबर दुमडली.

लग्नाला आता वर्ष होत आलं. संकल्प आणि मीनाक्षी दर रविवारी प्रताप नगरात जेवायला येतात. मीनाक्षी भाकरी थापायला शिकली आहे, तिची अजून कडेला फाटते. बापाचं नाव संकल्प काढत नाही. मंगेशने दोनदा फोन केला, संकल्पने उचलला नाही, तिसऱ्यांदा मंगेशने केला नाही. गौतमीला लोक कॉलनीत मानतात: बापाने तोंड फिरवलं, आत्याने लग्न लावून दिलं. ती ऐकून घेते.

गेल्या रविवारी जेवताना वरून विमान गेलं. संकल्पने घास हातात धरून विचारलं, "आत्या, मुरलीधरकाका थांबायचं का म्हणाले होते ना. दोन तास थांबलो असतो तर आले असते का गं बाबा मांडवात?"

उत्तम ताटावरून उठून हात धुवायला गेला.

"नसता आला," गौतमी म्हणाली, आणि त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली.

तर हिशेब असा. गौतमीची एक तास पन्नास मिनिटं वसूल झाली, ती तिने ठेवून घेतली आहेत, खर्च कुठे होत नाहीत. मंगेशने तेवढीच दिली, आणि वर मुलगा गेला तो त्याने आपल्या तोंडाने गमावला. आई या हिशेबात कधीच नव्हती, ती पत्र्याखालून सुटली तेव्हाच तिचं खातं बंद झालं. राहिला संकल्प. त्याने कोणाचं काही घेतलं नव्हतं, आणि भरतो आहे तोच, दर रविवारी, मऊ भाकरीबरोबर.